गिरणीजवळ, सावरपाडा

नामा गेल्याची बातमी खरी होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

मी शहापूर तालुक्याचा वार्ताहर. मुरबाडचा वार्ताहर तीन वर्षांपूर्वी पेपर सोडून जमिनीच्या दलालीत शिरला, तेव्हापासून मुरबाडही माझ्याच गळ्यात आहे. एकोणीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो, की गावाचं नाव मथळ्यात घालायचं. ठाण्यात काही का कोसळेना, आमचा वाचक पान उलटतो. पण शेणव्यात बैल विहिरीत पडला, की तो अंक स्टँडवर दहा वाजेपर्यंत संपतो. माणसाला आपल्या गावाचं नाव छापलेलं बघायला आवडतं, असं मी मानत आलो.

नामा वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला होता. जुलैच्या शेवटी तो तापाने फणफणला. चार दिवस ताप अंगावर काढला, मग कल्याणला दाखल झाला आणि सहाव्या दिवशी वारला. रिपोर्ट आला, स्वाइन फ्लू. त्याचं घर किन्हवलीच्या पुढे, सावरपाड्यात. सत्तर-ऐंशी उंबऱ्यांची वस्ती. घराला लागूनच त्याच्या बायकोची, चंद्रकलाची, पिठाची गिरणी. मी रस्त्यावर गाडी थांबवली आणि खाली न उतरताच मोबाइलवर घराचा फोटो काढला. गिरणीची पाटी स्पष्ट आली. 'सावरपाड्यात स्वाइन फ्लूचा पहिला बळी' असा मथळा, पान तीन, तीन कॉलम, फोटोखाली ओळ 'हेच ते घर'. त्या वर्षात माझं एवढं मोठं काही लागलं नव्हतं. मी घरी बायकोला पान दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "माणूस गेला ते ठीक. घराचा फोटो कशाला? घराला काय झालंय?"

तुला यातलं कळत नाही, असं मी तिला म्हणालो.

त्याच महिन्यात हायवेवर सात माणसं गेली. सातही बातम्या मीच दिल्या, एकेका कॉलमात, कारण हायवेवर माणसं मरतात यात नवीन काही नाही. म्हणून हायवेला कोणी घाबरलं नाही. लोक पूर्वीसारखेच मोबाइल कानाला लावून तो ओलांडत राहिले. शेतात साप चावून दोघं गेले, त्यांचीही शेतं कोणी ओस टाकली नाहीत. स्वाइन फ्लूने अख्ख्या तालुक्यात एक माणूस गेला होता. त्या एकाला मात्र मी तीन कॉलम आणि फोटो दिला होता.

नामाच्या दहाव्याला नदीवर नऊ माणसं होती. आमच्याकडे दहाव्याला माणसं मोजायची वेळ येत नाही, तिथे नऊ. सख्ख्या भावाने लांबूनच हात जोडले. गिरणीवर दळण यायचं थांबलं. पिठातून रोग येतो असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांना ते पटलं. सावरपाड्याच्या बायका तांदूळ-नाचणीचे डबे डोक्यावर घेऊन, चंद्रकलाच्या दारावरून, किन्हवलीच्या गिरणीवर जायला लागल्या. मिताली, तिची बारावीतली मुलगी, कॉलेजात गेली तर बाकावर तिच्या शेजारी कोणी बसेना. दूधवाला किटली कुंपणाबाहेर ठेवून हाक मारायचा. मास्क मात्र एकानेही लावला नाही. करोनात लावून लावून लोक कंटाळले होते.

हे सगळं मला कळत होतं. मी बातमी दिली नाही, कारण यात बातमी काय?

गणपतीला बारा दिवस राहिले असताना तपासणीच्या अहवालांची एक यादी माझ्या मोबाइलवर आली. कुणी पाठवली ते सांगत नाही. चार नवे रुग्ण, चारही पॉझिटिव्ह, आणि चौघांच्या नावापुढे एकच पत्ता, गिरणीजवळ, सावरपाडा. मी खुर्चीवरून उठलोच. माझं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल, तिथे उठून फिरायलाही जागा नाही. मी परत बसलो आणि वीस मिनिटांत, नामाला धरून, बातमी लिहिली, 'एकाच घरात पाच रुग्ण, सावरपाडा हादरला'. घरात माणसं किती, हे मी विचारलं नाही. घरात चंद्रकला आणि मिताली या दोघीच होत्या, आणि हे मला माहीत होतं. पाहुणे असतील, दीर-जावा असतील, असं काहीतरी मीच माझ्या मनाशी म्हटलं. मग नेहमीच्या सवयीने ती बातमी तालुक्यातल्या वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकली. आमच्यात तसंच चालतं. एकाने लिहायची, बाकीच्यांनी पहिली ओळ बदलून आपापल्या पेपरला पाठवायची. दुसऱ्या दिवशी ती चार पेपरांत होती, आणि चार पेपरांत आली म्हणजे खरीच असणार, असं लोक म्हणाले.

दुपारी दामिनी सिस्टर झेरॉक्सच्या दुकानात आली. ही आरोग्यसेविका, मूळची मुरबाडकडची. सगळा किन्हवलीचा पट्टा स्कूटीवर पालथा घालते. पर्स टेबलावर आपटून तिने विचारलं, "हे कुणी लिवलं?"

"यादीत होतं," मी म्हणालो.

"यादीत व्हतं! मी काल गोळ्या घेऊन त्या घरी गेलते. दोघी मायलेकी. दोघी ठणठणीत. चंद्रकलाताई मला बोलली, सिस्टर, माझ्या घरात चार माणसं आहेत, आणि मलाच दिसत नायत."

"मग ते चौघे कोण?"

ती खुर्चीत बसली. दोन दिवस झोपली नसावी. "केसपेपर काढताना खिडकीवर पत्ता विचारतात ना? लोकांना आपल्या गावाचं नाव द्यायचं नाय. दिलं का तुमच्याकडं येणार, तुमच्याकडं आलं का छापणार, फोटोसकट. मंग कुठलं नाव द्यायचं? दुसऱ्या गावचं दिलं तर त्या गावाचं वाटोळं. म्हणून सगळे गिरणीचा पत्ता देतात. त्या घराचं नाव आधीच खराब झालंय, आणखी काय होणार, असं बोलतात. वर यात कुणाचं नुकसान नाय म्हणतात."

मी हसलो. खरंच हसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. करोनात आमच्या लोकांनी बांबू बांधलेले रस्ते बघितले होते, पत्रे ठोकलेल्या गल्ल्या बघितल्या होत्या. त्यातून ते एवढंच शिकले, की ताप आठ दिवसांत उतरतो, पत्ता मात्र चिकटतो. मग त्यांनी त्यावर तोड काढली. सगळ्या तालुक्याचा आजार एका विधवेच्या दारात नेऊन ठेवला.

"तिघं फोनवर सापडले," दामिनी म्हणाली. "गोळ्या चालू आहेत त्यांना. चौथी नाय सापडत. नाव कमळ लिवलंय, तेही खरं नसणार. वय चोवीस. सातवा महिना. डॉक्टर बोलले, आत्ताच्या आत्ता भरती व्हा, श्वास बरोबर नाय. ती बोलली, मालकांना घेऊन येते. गेली ती गेली. आज तिसरा दिवस. नंबर दिला तो लागत नाय."

"पोटुशीला एवढं धोक्याचं असतं?"

"मनोजभाऊ, तुमी दीड महिना यावर लिवताय," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. दीड महिना मी बळी, थैमान, हादरला, घबराट हे शब्द लिहीत होतो. गरोदर बाईने ताप आल्या दिवशीच दवाखाना गाठावा, गोळ्या लगेच सुरू केल्या तर माणूस वाचतो, ही दोन वाक्यं मी एकदाही लिहिली नव्हती. खरं म्हणजे एकदा लिहिली होती, शेवटच्या परिच्छेदात. आमच्या पेपरात शेवटचा परिच्छेद जागेसाठी कापतात, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

सावरपाड्याच्या आजूबाजूच्या बायका चंद्रकलाच्याच गिरणीवर दळायला यायच्या, तेव्हा तिला काही ठाऊक असेल, म्हणून दामिनी पुन्हा तिच्याकडे निघाली होती. मी म्हटलं, मीही येतो. ती नको म्हणाली नाही. कदाचित नको म्हणायचंही त्राण तिच्यात उरलं नसावं.

चंद्रकला गिरणीच्या पायरीवर बसली होती. चाळिशीची, काटक बाई. गिरणीच्या यंत्रावर तिने जुनी चादर टाकून ठेवली होती. तिने आधी दामिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फोटो काढायचाय का?" तिने विचारलं. "काढा. आज अंगण सारवलंय."

दामिनीने तिला सगळं सांगितलं. सातवा महिना, श्वास, तीन दिवस. चंद्रकला जमिनीकडे बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला विचारून गेली ती."

"काय विचारून?"

"दवाखान्यात जायच्या आधी इथं आली. धाप लागलेली. बोलली, वयनी, तुमचा पत्ता सांगू का? आमच्याकडं गणपती बसतो, पाच दिवस भजनं असतात, अख्खा गाव जेवायला असतो. नाव आलं पेपरात तर कोण पाय ठेवणार नाय, सासू मला माहेरी पाठवंल." ती पुढे म्हणाली, "मी बोलले, सांग. आणखी तिघांनी न विचारता सांगितला, तिनं विचारलं तरी."

"कोण ती? गाव कुठलं?" मी पुढे झालो.

चंद्रकलाने मान हलवली. "शब्द दिलाय तिला."

"अहो, ती मरेल!" दामिनी ओरडली. मितालीही दारात येऊन उभी राहिली.

"मी सांगितलं, तिचं गाव छापून आलं, आणि सासूनं तिला हाकलली, मंग कुठं जाईल ती पोट घेऊन?" चंद्रकलाचा आवाज चढला नव्हता. तिने माझ्याकडे बोट केलं. "यांनी माझ्या घरात चार रोगी छापले. ते खोटं हाय. आधी यांनी छापू दे, का गिरणीवालीच्या घरात कोण आजारी नाय. गिरणीवाली बरी हाय, तिची पोर बरी हाय. त्याच पानावर, तेवढंच मोठं. यांचा पेपर आपली चूक छापतो, हे मला एकदा कळू दे. मंग मला पटंल, का ते तिचं गाव छापणार नायत."

दीड महिन्यात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती रास्त होती. मी कुंपणाबाहेर जाऊन ठाण्याला फोन लावला. डेस्कवर सुयोग होता, तिशीचा, चांगला मुलगा आहे, बिचारा चार तालुक्यांची पानं एकटा लावतो. त्याला म्हटलं, आजच्या बातमीचा खुलासा हवा, तीन कॉलम.

"तीन कॉलम? सर, खुलासा कोण वाचतं? गणपतीच्या पुरवण्या चालू आहेत, सिंगल कॉलमलाही जागा नाही. पण ती चौथी बाई सापडत नाही म्हणता ना? ते द्या. स्वाइन फ्लूची रुग्ण पसार. ते मी पहिल्या पानाला सुचवतो."

"ते देणार नाही," मी म्हणालो.

"मग दुसरं कुणीतरी देईल, सर."

तेही खरंच होतं. मी फोन ठेवला आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. रस्त्यावरून दोन बायका डबे घेऊन जात होत्या. माझी गाडी दिसताच त्यांनी पदर नाकाला लावला आणि पलीकडच्या कडेने गेल्या. मी परत आत गेलो.

"बोललो मी ठाण्याला," मी चंद्रकलाला सांगितलं. "येतंय. परवाच्या अंकात. त्याच पानावर, तीन कॉलम."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती उठली, दामिनीच्या दंडाला धरून तिला घरात घेऊन गेली आणि दार लोटलं. दोघी बाहेर आल्या तेव्हा दामिनीच्या हातात स्कूटीची किल्ली होती. माझ्याशी एक अक्षर न बोलता ती मुरबाडच्या दिशेने निघून गेली. त्या बाईचं नाव आणि गाव मला त्या दिवशी कळलं नाही. आजही माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

पाचव्या दिवशी दामिनीचा फोन आला. बाई ठाण्याच्या दवाखान्यात होती. दोन दिवस फार वाईट गेले, पण आता ऑक्सिजन काढला होता. बाळाचे ठोके व्यवस्थित होते. घरच्यांनी गावात सांगितलं, की बाळाचं वजन कमी म्हणून ठेवून घेतलीय. "आणखी एक दिवस गेला असता तर नसती हाताला लागली," दामिनी म्हणाली, आणि फोनवरच रडली. मलाही भरून आलं. झेरॉक्सवाल्याला वाटलं मला सर्दी झालीय. त्याने पंखा बंद केला.

खुलासा आला नाही. मी दोनदा पाठवला, दोन्ही वेळा सुयोगने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं आणि पानावर काही नव्हतं. रोज सकाळी मी पहिल्यांदा ते पान उघडत होतो, जसं काही छापून आणणं माझ्या हातात नव्हतंच आणि मी नुसता वाचक होतो. दरम्यान पेपरवाल्या पोराकडून कळलं, की सावरपाड्यात एक नवीन अंक लागलाय, गिरणीवर. चंद्रकलाने माझा पेपर सुरू केला होता.

गणपतीच्या दोन दिवस आधी बायकोने मोदकांसाठी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून पिशवीत भरले. तिला मी सगळं सांगितलं होतं. पिशवी माझ्या हातात देत ती म्हणाली, "तिच्याकडेच जाऊन दळून आणा. आणि खोटं बोललात ते सांगून या." मी तांदूळ गाडीला अडकवले आणि निघालो. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होतो. एकोणीस वर्षं वाक्यं जुळवतोय, एकही धड जुळेना.

चंद्रकला पायरीवरच होती. शेजारी गेल्या आठवड्याचे अंक घडी घालून रचलेले.

"ते छापून आलं नाही," मी म्हणालो. "येणार नव्हतंच. त्या दिवशी ठाण्याहून नाही म्हणाले होते. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हाच. फोनवर तुमी खाली मान घालून उभे व्हते. काम झालेला माणूस असा उभा राहत नाय."

"मग सांगितलंत कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच खुळ्यासारखा प्रश्न विचारलाय. "पोटुशी व्हती ती, भाऊ," ती म्हणाली. "तुमी छापाल न छापाल, त्यासाठी तिला मरू देऊ का? मला एवढंच बघायचं व्हतं, का तुमी काय बोलता."

मी पिशवी पुढे केली. "मोदकाचं पीठ हवं होतं. बायकोने पाठवलंय. इथे बसतो दळून होईपर्यंत. रस्त्यावरून लोक बघतील तर बघू देत."

तिने पिशवीत हात घालून तांदूळ चिमटीत घेतले, दातांखाली एक दाणा चावून बघितला. "चांगले वाळलेत," ती म्हणाली. आणि पिशवीचं तोंड बांधून माझ्या हातात परत दिली.

"नको, भाऊ. तुमी इथं बसू नका. येऊ पण नका. तुमची गाडी दारात दिसली का पाड्यातली माणसं दारं लावून घेतात. परवा एक म्हातारी पायलीभर नाचणी घेऊन आलती, दीड महिन्यात पहिली. तुमी आलात तर ती परत नाय यायची."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी गाडी वळवली.

मोदकाचं पीठ तर हवंच होतं. किन्हवलीच्या गिरणीवर पंधरा-वीस जणांची रांग होती, निम्मी सावरपाड्याची. मी पिशवी ठेवून उभा राहिलो. माझ्या पुढे कोंडू होता, सावरपाड्याचाच, ओळखीचा.

"मनोजभाऊ, आमच्या गिरणीवर गेलते म्हणं आता?" त्याने विचारलं. कसं कळलं, कुणास ठाऊक. मी तिथून निघून पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

"हो."

"आता कोणाला झालं?"

"कोणाला नाही. नामानंतर तिच्या घरी कोणी आजारी पडलंच नाही. ते चौघं दुसरेच होते. मी चुकीचं लिहिलं होतं." मी मोठ्याने सांगितलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. दीड महिन्यात मी दिलेली ही एकमेव पूर्ण खरी बातमी होती.

"मंग गेलते कशाला?"

"दळायला."

कोंडूने माझ्या पिशवीकडे बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. त्याने वाकून बोटाने पिशवी दाबली. आत तांदूळ होते, अख्खे.

"दळायला गेलते," तो सावकाश म्हणाला, "तर दळलं का नाय?"

तिने नको म्हटलं असं सांगावं, तर ती तापाने झोपून आहे असं होणार. गिरणी बंद होती म्हणावं, तरी तेच. मीच विचार बदलला म्हणावं, तर मी काहीतरी बघून आलो असं होणार. लोकांना काय वाटेल, हे मथळ्यांसाठी ओळखायची मला एकोणीस वर्षांची सवय आहे, आणि या तिन्ही उत्तरांचे मथळे मला तिथल्या तिथे दिसले. मी वाकून पिशवी सरळ केली.

"म्हंजे हाय," कोंडू म्हणाला, आणि आपला डबा उचलून माझ्यापासून चार हात लांब ठेवला.